कुंडीपाशी जबाबदारी संपत नाही
दुकाने, उपाहारगृहे आणि कार्यालयांच्या कचऱ्याची हाताळणी : नियम, धोके आणि दक्षता

विशेष प्रतिनिधी

मुंबई : उपाहारगृहाचे शटर रात्री खाली येते, तेव्हा ग्राहकांच्या दृष्टीने दिवस संपतो. मागच्या दाराने मात्र त्याच सुमारास काळ्या पिशव्या बाहेर पडू लागतात. ताटांतील खरकटे, भाज्यांची देठे, अंड्यांची टरफले, फुटलेले कप, तेलाचे रिकामे डबे, पाण्याच्या बाटल्या, फरशी पुसण्याच्या द्रवाचा अर्धवट संपलेला कॅन आणि कधीकधी तंदूरमधील पुरती न विझलेली राख, असे सारे एकत्र बांधून गल्लीच्या टोकाच्या कुंडीत लोटले जाते. पिशवीला गाठ मारली की आपला संबंध संपला, अशी व्यावसायिकांची सर्वसाधारण समजूत असते. कायदा तसे मानत नाही. पहाटे त्याच पिशवीला हात घालणाऱ्या सफाई कामगाराला तर तसे मानणे परवडणारेच नाही.

घरातील कचरा आणि व्यवसायातील कचरा यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही. घराच्या डब्यात काय असेल, याचा अंदाज कामगाराला असतो. दुकानाच्या पिशवीत काय असेल, हे मात्र धंद्यावर अवलंबून असते. काचेच्या दुकानातून काचा येतात, सलूनमधून पाती, दवाखान्यातून सुया, गॅरेजमधून तेलाने माखलेली फडकी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून फुगलेल्या बॅटऱ्या, तर छापखान्यातून शाईचे डबे. पिशवी काळी असल्याने आतला धोका दिसत नाही. तो कळतो तेव्हा बहुधा हात कापलेला असतो किंवा गाडीतून धूर निघू लागलेला असतो.

कुंडीनंतरचा प्रवास

कुंडीत पडलेला कचरा तेथे फार काळ राहत नाही. महानगरांत तो प्रामुख्याने कॉम्पॅक्टर गाड्यांतून नेला जातो. गाडीच्या मागच्या तोंडात कचरा ओतला की पोलादी पाते तो दाबून आत ढकलते. कमी जागेत अधिक कचरा मावावा, यासाठी ही योजना उपयुक्त आहे. मात्र याच दाबामुळे वेगवेगळ्या वस्तूंचे एकमेकींशी होणारे मिश्रण धोकादायक ठरते. लिथियम बॅटरी चिरडली गेली की तिच्या आतील थर एकमेकांना भिडतात, तापमान झपाट्याने वाढते आणि शेजारच्या कोरड्या कागदाला आग लागू शकते. फवारणीचे डबे दाबाखाली फुटतात. शौचालय साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रवाचा कॅन आणि ब्लीचचा कॅन एकत्र फुटले, तर त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. गाडीच्या मागे उभा असलेला कामगार या साऱ्यापासून दोन हातांवर असतो.

पुढचा टप्पा क्षेपणभूमीचा. मुंबईत दररोज सहा हजार टनांहून अधिक कचरा गोळा होतो. ओला कचरा सुक्याखाली गाडला जातो, तेव्हा त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू तयार होतो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. भोवती प्लॅस्टिक, कापड आणि पुठ्ठा असल्याने एकदा लागलेली आग आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राहते.

याचा अनुभव मुंबईने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनार क्षेपणभूमीला महिन्याच्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला. उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांतही तो टिपला गेला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था अपुरी असल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध आणले. सर्वोच्च न्यायालयाने ते मार्च २०१८ मध्ये सशर्त शिथिल केले. मधल्या दोन वर्षांत कचऱ्याचा प्रश्न केवळ दुर्गंधीचा राहिला नव्हता. तो शहराच्या अर्थकारणाचा झाला होता. त्याच वर्षी मुलुंड येथील क्षेपणभूमी बंद झाली. जागा संपत चालली आहे, हे सांगायला आणखी पुराव्याची गरज नाही.

नियमांची वाटचाल

या विषयावरील पहिले देशव्यापी नियम २००० साली आले. १९९६ साली दाखल झालेल्या अलमित्रा पटेल यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात झालेली सुनावणी त्यास कारणीभूत ठरली. २००० च्या नियमांत मुख्य भार महापालिकांवर होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हा दृष्टिकोन बदलला आणि कचरा निर्माण करणाऱ्यावरच वर्गीकरणाचे कर्तव्य टाकले. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणारी उपाहारगृहे, बाजारपेठा, कार्यालये, रुग्णालये व संस्था यांची 'मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारे' अशी स्वतंत्र वर्गवारी झाली. मुंबई महापालिकेने अशा आस्थापनांना व मोठ्या गृहसंकुलांना ओल्या कचऱ्यावर आपल्याच आवारात प्रक्रिया करण्यासाठी २ ऑक्टोबर २०१७ ही मुदत घालून दिली होती.

केंद्र सरकारने जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित केलेले नवे घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ च्या नियमांची जागा घेणारे असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख निश्चित करण्यात आली. त्यांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत : ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. रंगाचे डबे, दिवे, पाऱ्याचे तापमापक, औषधे अशा वस्तू चौथ्या भागात मोडतात. २०,००० चौरस मीटर वा अधिक चटईक्षेत्र, दिवसाला ४०,००० लिटर वा अधिक पाणीवापर, किंवा दिवसाला १०० किलो वा अधिक कचरा, यांपैकी एक जरी निकष लागू झाला तरी आस्थापना 'मोठ्या' वर्गात येते. अशा आस्थापनांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो जागेवरच प्रक्रिया करावी. ते शक्य नसेल तर त्याबदल्यात ठरवून दिलेले प्रमाणपत्र घ्यावे, अशी ही रचना आहे.

आपला धंदा या मर्यादेत बसतो की नाही, हे अनेक मालकांना ठाऊक नसते. त्यासाठी सल्लागाराची आवश्यकता नाही. सलग सात दिवस, त्यातही शनिवार-रविवार धरून, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीचे वजन लिहून ठेवले आणि बेरजेला सातने भागले की उत्तर मिळते. मध्यम आकाराच्या उपाहारगृहाचा आकडा पुष्कळदा मालकाच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो, कारण खरकट्यात पाणी असते आणि पाण्याला वजन असते. मर्यादेखाली राहणाऱ्या लहान दुकानदारांची मात्र वर्गीकरणातून सुटका होत नाही. तो नियम सर्वांनाच लागू आहे.

कुंडीत काय जाऊ नये?

व्यावसायिक कचऱ्यातील काही वस्तू अशा आहेत, की त्या सर्वसाधारण कुंडीत कधीही जाता कामा नयेत.

वापरलेले खाद्यतेल हे त्यातले पहिले. तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाले, तर ते तेल वापरू नये, असा दंडक अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणे आणि टाकाऊ तेल अधिकृत संकलकाकडे देणे बंधनकारक करण्यात आले. या तेलापासून बायोडिझेल बनते. ते कुंडीत ओतले तर कचरा निसरडा आणि ज्वलनशील होतो, गटारात ओतले तर थिजून वाहिनी तुंबते, आणि भंगारात विकले तर पुन्हा कोणाच्या तरी कढईत जाण्याची भीती असते.

दुसरी वस्तू म्हणजे काच. फुटलेली काच थेट पिशवीत टाकू नये. वर्तमानपत्राच्या अनेक थरांत गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहून ती स्वतंत्र द्यावी. यास दोन मिनिटे लागतात. कामगाराच्या तळहाताला पडणारे टाके मात्र त्याची आठवडाभराची मजुरी बुडवतात.

जुन्या ट्यूबलाइटमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. ती फुटली की पाऱ्याची वाफ हवेत मिसळते. अशी नळी दुकानात फुटल्यास खिडक्या-दारे उघडून माणसांना बाहेर काढावे, तुकडे केरसुणीने झाडू नयेत, तर जाड कागदाने उचलून चिकटपट्टीने बारीक कण टिपावेत आणि सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे. न फुटलेल्या नळ्या मूळ वेष्टनात ठेवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्याव्यात. संगणक, छपाईयंत्रे आणि त्यांची काडतुसे यांनाही ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत. बॅटऱ्यांसाठी २०२२ साली स्वतंत्र नियम झाले. साठवताना बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावली, तर एकीचे टोक दुसरीला भिडून ठिणगी पडण्याचा धोका टळतो.

दवाखाने, रक्त तपासणीची केंद्रे आणि पशुवैद्यकांची चिकित्सालये यांना जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पाळावे लागतात. त्यानुसार सुयांसारख्या टोकदार वस्तू न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात ठेवायच्या असतात आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवायचा नसतो. वापरलेली सुई टोचल्यास कावीळ-बी, कावीळ-सी यांसारख्या आजारांचा संसर्ग होऊ शकतो. इमारतीच्या तळमजल्यावर एखादे लहानसे क्लिनिक असेल आणि त्याची पिशवी सोसायटीच्या वा व्यापारी संकुलाच्या सामाईक कुंडीत जात असेल, तर त्याची चौकशी करण्याचे काम संकुलाच्या व्यवस्थापनाचेही आहे.

राहिली आग. तंदूरमधील कोळसा वरून करडा दिसला तरी आत कित्येक तास धुमसत असतो. त्यावर पाणी ओतून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किमान रात्रभर ठेवल्याखेरीज तो कुंडीत टाकू नये. फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांनी अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून ढिगात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगाच्या पोटात फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती फडकी उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. कचरा जाळून टाकणे हा तर मार्गच नव्हे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला होता.

कुंडीचीही निगा

यंत्राने उचलून गाडीत रिकामी करायची पोलादी पेटी ही कल्पना अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल येथील डेम्पस्टर बंधूंच्या कंपनीने १९३० च्या दशकात रूढ केली. तिथे त्यावरूनच अशा पेटीला 'डंपस्टर' म्हणतात. आपल्याकडे कंटेनर उचलणारे 'डंपर प्लेसर' आणि १,१०० लिटरच्या चाकाच्या पेट्या उचलणारे कॉम्पॅक्टर, अशी तिची दोन रूपे दिसतात. पेटी साधी दिसली तरी ती यंत्राचाच एक भाग आहे. तिची जागा आणि अवस्था यांवर माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

पेटी सपाट, पक्क्या जमिनीवर असावी आणि चाकांचा ब्रेक लावलेला असावा. ती जिन्याच्या तोंडाशी, अग्निशमन गाडीच्या वाटेवर, गॅस सिलिंडरच्या साठ्याजवळ किंवा विजेच्या मीटरखाली ठेवू नये. झाकण बंद राहिले पाहिजे. ते उघडे राहिल्यास उंदीर-घुशी येतात आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. शिवाय पाणी साठते. १,१०० लिटरची पेटी पाव भरेल एवढे पावसाचे पाणी तिच्यात शिरले, तरी २७५ किलो वजन वाढते. ती ढकलणारा माणूस आणि उचलणारे यंत्र या दोघांवरही तो भार पडतो. वर तुंबलेला कचरा पायाने दाबण्यासाठी पेटीत चढणे हा प्रकार सर्रास चालतो आणि तो अत्यंत घातक आहे. आत काच आहे की सुई, हे चढणाऱ्याला ठाऊक नसते. पेटी वारंवार ओसंडत असेल तर पेटी वाढवावी किंवा फेरी वाढवून घ्यावी.

गाडी मागे येत असताना तिच्या आणि भिंतीच्या मध्ये कोणी उभे राहू नये. पेटी उचलण्यापूर्वी आत डोकावून पाहण्याची शिस्त हवी, कारण उघड्या कंटेनरमध्ये भंगार शोधणारी माणसे, क्वचित मुलेही, असू शकतात. आवारात खताचा खड्डा, बायोगॅसची टाकी किंवा तेलकट पाण्याची टाकी असेल, तर सफाईसाठी कोणत्याही कर्मचाऱ्याला तिच्यात उतरवू नये. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड क्षणार्धात शुद्ध हरपवतो आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही त्यालाच बळी पडतो. मलटाक्या व गटारांच्या धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी घातली आहे. तीच सावधगिरी येथेही आवश्यक आहे.

कोणाच्या हाती देतो आहोत?

महापालिकेची गाडी पुरेशी पडत नाही म्हणून पुष्कळ व्यावसायिक खासगी कंत्राटदाराला कचरा देतात. पैसे मोजले म्हणजे जबाबदारी हस्तांतरित झाली, असे त्यांना वाटते. तो कंत्राटदार कचरा नेतो कुठे, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. रात्री खाडीकाठी किंवा महामार्गाच्या कडेला रिकाम्या होणाऱ्या गाड्यांतील पिशव्यांवर दुकानांची नावे आणि बिलांचे कागद सापडतात, तेव्हा नोटीस दुकानदाराच्या दारी येते. म्हणूनच कंत्राटदाराची नोंदणी तपासणे, प्रक्रिया केंद्राचे नाव करारात लिहून घेणे आणि प्रत्येक फेरीची वजनासह पावती जपून ठेवणे, ही व्यवसायाच्या हिशेबाइतकीच आवश्यक बाब आहे.

भंगाराच्या बाबतीतही हेच लागू पडते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरी या भंगाराच्या बाजारपेठेत कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थाने अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील वर्षानुवर्षे बंद पडलेले गॅमा विकिरण यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते, असे तपासात निष्पन्न झाले. घेणाऱ्याला आत काय आहे हे माहीत नव्हते. विकणाऱ्याने ते तपासले नव्हते. एवढे टोकाचे उदाहरण रोज घडत नाही. तथापि, अर्धवट भरलेला रसायनाचा पिंप किंवा गॅस शिल्लक असलेला सिलिंडर भंगारवाल्याला विकणारा दुकानदार लहान प्रमाणावर तेच करीत असतो.

या साखळीत सर्वांत खाली उभा असतो तो कचरावेचक. शहराचा सुका कचरा पुनर्वापरात जातो तो मोठ्या प्रमाणात त्याच्या, बहुतांशी तिच्या, हातांनी. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती'ने या कष्टकऱ्यांना ओळखपत्र आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून पुणे महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही तेथील मोहीम साधी होती. उघडून पाहण्याची वेळ कामगारावर येऊ नये, एवढीच त्यामागची अपेक्षा. व्यावसायिक आस्थापनांच्या पिशव्यांनाही हाच न्याय लावता येईल. पिशवीवर आत काय आहे ते लिहिलेले असेल, तर हाताळणारा सावध राहतो.

खर्च आणि सोय

वर्गीकरणाला वेळ लागतो, जागा लागते, माणूस लागतो, ही व्यावसायिकांची तक्रार खोटी नाही. दहा बाय बाराच्या गाळ्यात चार डबे ठेवायचे कुठे, हा प्रश्न रास्तच आहे. यावर काही बाजारपेठांना सुचण्यासारखा उपाय म्हणजे सामाईक व्यवस्था. एका गल्लीतील आठ-दहा गाळेधारकांनी मिळून विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी एक कुलूपबंद पेटी ठेवावी, महिन्यातून एकदा अधिकृत संकलकाला बोलवावे आणि खर्च वाटून घ्यावा. पुठ्ठा, कोरडा कागद आणि स्वच्छ बाटल्या यांना भाव मिळतो. त्याच वस्तू खरकट्याने भिजल्या की त्यांचे मोल शून्य होते. कचरा वेगळा ठेवण्याचा पहिला आर्थिक लाभ हा असा दुकानदारालाच होतो.

प्रारंभ स्वयंपाकघरातच व्हायला हवा. ताट धुण्याच्या मोरीपाशी खरकट्याचा झाकणाचा डबा, गल्ल्यामागे सुक्याचा, भांडारात काच-बॅटरी-दिव्यांचा आणि प्रसाधनगृहात स्वच्छताविषयक कचऱ्याचा, अशी जागांची विभागणी झाली की शेवटी पुन्हा निवडत बसावे लागत नाही. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी हे डबे दाखवावेत. त्याला जाड रबरी हातमोजे आणि बंद बूट द्यावेत, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, ते विचारावे. एका व्यक्तीवर लेखी जबाबदारी सोपवावी आणि आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः मागच्या दाराने बाहेर जाऊन कुंडी पाहावी.

पुढच्या दाराची स्वच्छता ग्राहक पाहतो आणि त्यासाठी पैसे मोजतो. मागच्या दाराची स्वच्छता पाहणारे कोणी नसते. तिची किंमत मात्र सफाई कामगार, कचरावेचक आणि क्षेपणभूमीशेजारी राहणारी कुटुंबे चुकवीत असतात. यांतील कोणीही त्या उपाहारगृहात जेवलेले नसते. त्यांनी न केलेल्या कचऱ्याचा भार त्यांच्यावर पडू नये, एवढी काळजी घेणे प्रत्येक व्यावसायिकाच्या हाती आहे, आणि तिची सुरुवात पिशवीला गाठ मारण्यापूर्वीच होते.